व्हाउचरवरचं कुंकू

परवा माझ्या भाच्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, "मावशी, हे वाच आणि सांग, माझे पैसे येणार की बुडाले?" पगारातून जास्त कापला गेलेला कर त्याला परत मिळायचा होता. पडद्यावर इंग्रजीत एवढंच लिहिलं होतं की विवरणपत्राची तपासणी पूर्ण झाली आहे. तपासणी पूर्ण झाली म्हणजे पैसे बँकेत पडायला हवेत, अशी त्याची समजूत. मी चष्मा लावून वाचलं आणि त्याला म्हटलं, "तपासून झालं म्हणजे हिशेब जुळला. पैसे काढायचा हुकूम वेगळा निघतो. तो निघाला की ही ओळ बदलेल. तोवर बँकेच्या खात्याचा नंबर बरोबर दिलाय का, तेवढं बघ." त्याच्या पिढीला मी ज्वारीचे पापड करणारी मावशी म्हणूनच ठाऊक आहे. याच एका प्रश्नावर मी आयुष्यभर पोट भरलं, हे सांगायला मला कधी सवड झाली नाही आणि कुणी विचारलंही नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी विचारलं, म्हणून सांगते.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं त्या सुमारास मी मॅट्रिक झाले आणि खामगावात एका इन्कमटॅक्स वकिलांच्या कचेरीत टाइपिस्ट म्हणून लागले. वडील एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काटेवाले होते, कापसाच्या गाड्या तोलायचे. वकीलसाहेब त्यांना ओळखत, म्हणून मला घेतलं. बाजारपेठेत तेव्हा कचेरीत बसणारी बाई म्हणजे नवलच. पहिले काही महिने गिऱ्हाइकं माझ्याशी बोलतच नसत. वकीलसाहेब जागेवर नसले तर भिंतीवरच्या कॅलेंडरला निरोप सांगून निघून जात.

वकीलसाहेब अपिलांचा माणूस. मोठ्या तेलगिरणीवाल्याची केस घेऊन नागपूरला जायचं, काळा कोट घालून भांडायचं, यात त्यांचा जीव. रिफंडाचं प्रकरण आलं की ते दोन बोटांनी फाइल माझ्या टेबलाकडे सरकवत. "कुसुमबाई, अपिलात वकिलाचं नाव होतं, रिफंडात नुसत्या चपला झिजतात," असं त्यांचं म्हणणं. चपला अर्थातच माझ्या. त्या इतक्या झिजवल्या की बाजारात मला 'रिफंडवाल्या बाई' म्हणू लागले, आणि खरं सांगते, मला ते नाव आवडायचं. वसुली करणारे गावात पुष्कळ होते. परत मिळवून देणारी मी एकटीच होते.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रिफंड म्हणजे सरकारचं दान नव्हे. तुमच्याकडून जास्त गेलेला कर हिशेबाअंती परत येतो, तो रिफंड. नोकरदाराचा पगारातून कापला जातो, शेअरवाल्याचा नफ्यातून. व्यापाऱ्याचं जरा वेगळं. गेल्या खेपेला तुम्ही अमुक कमावलंत, तेव्हा यंदाही तेवढंच कमवाल असं धरून इन्कमटॅक्स खातं आगाऊ कर मागतं. यंदा मंदी आली आणि कमाई झालीच नाही, तर भरलेला कर जास्त ठरतो. मग विवरणपत्र भरायचं, साहेब तपासणार, हुकूम लिहिणार आणि शेवटी व्हाउचर नावाचा एक कागद टपालाने येणार. तो कागद सरकारी खजिन्यात दाखवला की पैसे. त्यातही एक मेख होती. व्हाउचर तुमच्याकडे येई आणि त्याची खबर देणारा दुसरा कागद परस्पर खजिन्यात जाई. दोघांची गाठ पडल्याशिवाय खजिनदार हात हलवत नसे. माणूस व्हाउचर घेऊन उभा आणि खबर अजून वाटेत, असं कितीदा झालं असेल.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण आमच्या गिऱ्हाइकांना फार उदार वाटायची. जो तो येऊन एकच विचारायचा, कुठवर आलं? 'निर्धारण', 'आदेश' असले शब्द सांगितले की चेहरा कोरा. मग मला वडिलांचं जिन आठवलं. कापूस विकायला गेलेल्या माणसाला सगळं ठाऊक असतं. आधी गाडी फाटकाबाहेर रांगेत, मग काट्यावर, मग जिनात, शेवटी गठाण बांधून बाहेर. मी त्याच भाषेत सांगू लागले. विवरणपत्र नुसतं पोचलंय, म्हणजे गाडी फाटकाबाहेर. साहेबांनी तपासायला घेतलं, म्हणजे काट्यावर. हुकूम झाला, म्हणजे सरकी निघाली. व्हाउचर निघालं, म्हणजे गठाण बांधली. हे इतकं रुळलं की भर बाजारात लोक मला हाक मारून विचारत, "बाई, आमची गाडी कुठी हाये?" नवख्या माणसाला वाटायचं, ही बाई गाड्या भाड्याने देते.

माणसं तऱ्हेतऱ्हेची. नांदुऱ्याकडचा एक भुसार व्यापारी होता. त्याला न मागता रिफंड आला, कारण हिशेबात साहेबांनाच त्याचं जास्त भरलेलं सापडलं. हा गृहस्थ व्हाउचर घेऊन घामाघूम होऊन आला. मांजर उंदराला कधी दूध पाजतं का, असं त्याचं म्हणणं. पैसे घेतले की मागचे सगळे हिशेब उकरतील, तेव्हा हा कागद कसा परत करायचा तेवढं सांगा, म्हणून तो हटून बसला. वकीलसाहेबांनी त्याला चहा पाजला, मी कलमं वाचून दाखवली, तेव्हा कुठे तो खजिन्यात गेला. त्यातूनही त्याने निम्मे पैसे देवळाला दिले, न जाणो म्हणून.

आणि वडनेर भोलजीचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक होते. त्यांच्याकडे एका गिरणीचे थोडे शेअर होते आणि दर साली नफ्यातून कर कापला जायचा. त्यांचं उत्पन्न कराच्या हद्दीत येतच नव्हतं, म्हणजे सगळाच परत मिळायला हवा. ते दर खेपेला माझ्यासाठी वांगी नाहीतर मेथी आणत आणि अगदी हळू आवाजात चौकशी करत. व्हाउचर आलं त्याच्या थोडेच दिवस आधी गुरुजी गेले. त्यांचा मुलगा न्यायला आला तेव्हा मला रडू आवरलं नाही. पैसे थोडेच होते. पण ते आलेले गुरुजींनी पाहायला हवे होते, एवढं मला अजूनही वाटतं.

आता जी गोष्ट सांगायला बसले, ती अमडापूरच्या रुख्माबाईंची. एवढं नमनाला घडाभर तेल झालं, पण त्याशिवाय ती कळली नसती.

रुख्माबाईंचे यजमान सदाशिवराव यांचं अमडापूरला किराणा आणि भुसाराचं दुकान होतं. एका वर्षी भुईमुगाचे भाव चढले आणि त्यांना बऱ्यापैकी नफा झाला. त्या नफ्यावरून खात्याने पुढच्या वर्षाचा आगाऊ कर मागितला. पुढचं वर्ष मंदीचं जाणार हे सदाशिवरावांना दिसत होतं. तसं लिहून दिलं असतं तर कर कमी भरून चाललं असतं. पण सरकारी नोटीस म्हणजे हुकूम, असं मानणारा तो सरळ माणूस. गाठीचं होतं नव्हतं ते काढून त्यांनी सगळा कर भरला आणि ते वर्ष पुरं व्हायच्या आत तापाने गेले.

माणूस गेला तरी नोटिसा थांबत नाहीत. सदाशिवरावांच्या नावाने खाकी लिफाफे येऊ लागले, विवरणपत्र कुठे आहे म्हणून. गावात खाकी लिफाफा म्हणजे जप्ती, एवढंच लोकांना ठाऊक. सदाशिवने सरकारचं बुडवलं, आता दुकानाला सील लागणार, अशी आवई उठली. ती खामगावपर्यंत, म्हणजे दामोदरशेठच्या पेढीपर्यंत, आली. दामोदरशेठ हे गूळ, तेल, तीळ, डाळींचे ठोक व्यापारी. अमडापूरचं दुकान वर्षानुवर्षं त्यांच्याच उधारीवर चालायचं. आज माल न्यायचा, विकून झाला की पैसे आणून द्यायचे, पुन्हा माल न्यायचा. शेठ वाईट माणूस नव्हते. पण जप्ती आली तर सरकार आधी आपलं वसूल करतं आणि उधारी देणारा हात चोळत बसतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. दुधाने तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्यांनी रुख्माबाईंचं खातं बंद केलं आणि निरोप पाठवला की यापुढे रोख.

रुख्माबाई आमच्या कचेरीत पहिल्यांदा आल्या त्या कापडी पिशवीत सगळ्या नोटिसा आणि कर भरल्याची चलनं घेऊन. उंच, सावळ्या, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. वकीलसाहेबांकडे न जाता त्या सरळ माझ्या टेबलापाशी आल्या आणि खुर्चीवर बसल्या. मी कागद लावले, बेरजा केल्या आणि त्यांना सांगितलं की तुमच्याकडे सरकारचं काही निघत नाही, उलट सरकारकडेच तुमचं येणं आहे. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. त्या म्हणाल्या, "थे मले मालूम हाये. मालक कोनाचं ठेवनारे नोयते. मले पैशाची घाई नाई बाई. दामोदरशेठनं खातं खोललं पाह्यजे. रोखीनं खेड्यातलं दुकान चालते का कधी? नाई खोललं तं दुकान मोडून दिराच्या घरी भाकरी थापाले जा लागते."

एवढंच काय ते पणाला लागलेलं होतं. दीर चांगला होता, घरात घेणार होता. पण स्वतःच्या गल्ल्यावर बसलेली बाई दुसऱ्याच्या चुलीपुढे बसली म्हणजे काय होतं, ते मला सांगायची गरज नव्हती. मी ती फाइल वकीलसाहेबांच्या टेबलावर जाऊच दिली नाही.

वारस म्हणून रुख्माबाईंचं नाव लागावं यासाठी अर्ज केला. तो लागेपर्यंत सदाशिवरावांनाच तारखेला हजर राहण्याची नोटीस आली. रुख्माबाई म्हणाल्या, त्यांना बोलावता येत असतं तर मीच आधी बोलावलं असतं. हे त्या हसत म्हणाल्या, म्हणून मीही हसले. दोन वर्षं इकडून तिकडून थोडा माल रोखीने आणून त्यांनी दुकान कसंबसं उघडं ठेवलं. दर बाजाराला त्या यायच्या, गाडी कुठवर आली ते विचारायच्या, मी सांगायची आणि त्या जायच्या. कधी कुरकुर नाही. हुकूम झाला, त्यात रिफंड मान्य झाला. मग व्हाउचर आलं ते मयताच्या नावाने. ते परत पाठवलं. वारसाच्या नावाने दुसरं आलं तेव्हा दिवाळी तोंडावर होती. खजिन्यात खबर अजून पोचली नव्हती, तेव्हा मीच म्हटलं, दिवाळी करून या, मग जाऊ. त्यांनी तो कागद पदराच्या टोकाला बांधला आणि समाधानाने अमडापूरला गेल्या.

दिवाळीनंतर आम्ही दोघी खजिन्यात गेलो. खजिनदार कारकून माळकरी गृहस्थ होते. त्यांनी व्हाउचर उलगडलं, डोळे मिटले, ते कपाळाला लावलं आणि मग हळूच आमच्याकडे परत सरकवलं.

मी पाहिलं तर कागदावर मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. हळद, अक्षता, एका कोपऱ्यात तेलाचा डाग. लक्ष्मीपूजनाला दुकानदार नव्या वह्या मांडतात, तशी रुख्माबाईंनी वह्यांवर ही सरकारी लक्ष्मी मांडली होती आणि घरच्या रीतीने तिला ओल्या कुंकवाची बोटं लावली होती. स्वस्तिक नेमकं साहेबांच्या सहीवर. शाई आणि कुंकू मिळून तिथे जांभळा गोळा झाला होता. कारकून म्हणाले, सही वाचता येत नाही, कागदावर खुणा केल्यात, मला पैसे देता येणार नाहीत, देवीची क्षमा मागतो. मी रुख्माबाईंकडे वळले. त्यांना आपलं काय चुकलं, ते उमगतच नव्हतं. गावातले सगळे दर्शनाला येऊन गेले होते. घरात आलेल्या लक्ष्मीला कुंकू न लावता कसं ठेवायचं?

मला राग आला, आणि त्याच वेळी इतकं हसू आलं की खजिन्याच्या पायऱ्यांवर बसून घ्यावं लागलं. रुख्माबाई मात्र हसल्या नाहीत. बाजारात अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि संध्याकाळच्या आत ती दामोदरशेठच्या पेढीवर पोचली, तीही उलटी होऊन. अमडापूरवालीचं व्हाउचर सरकारने नामंजूर केलं, अशी. शेठ कुणाला तरी म्हणाले म्हणे, मी खातं खोललं नाही तेच बरं झालं. संक्रांत दोन महिन्यांवर आली होती. तीळ आणि गूळ यांच्या विक्रीवर खेड्यातलं किराणा दुकान पुढचे कितीतरी महिने तगतं. त्या संक्रांतीला दुकानात माल नसेल तर दुकान उघडून बसण्यात अर्थ उरला नव्हता, हे रुख्माबाईंना कळत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी मी व्हाउचर घेऊन एकटीच इन्कमटॅक्सच्या साहेबांपुढे उभी राहिले. साहेब मद्रासकडचे, मोजकं हिंदी बोलणारे, कधी न हसणारे. त्यांनी कागद उजेडाकडे धरला आणि आपल्या सहीची काय दशा झाली ते बराच वेळ पाहिलं. मी सगळं सांगितलं, दामोदरशेठ आणि संक्रांतीसकट. ते म्हणाले की त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि पूजेच्या दिवशी तेही हिशेबाच्या वह्यांना चंदन लावत. मग कागद खाली ठेवून म्हणाले, पण वडील सही सोडून लावत. त्या माणसाला हसताना मी तेव्हाच पाहिलं. जुनं व्हाउचर रद्द करून नवं काढायला त्यांना वरून परवानगी हवी होती. त्यांनी माझ्यासमोर पत्र लिहायला घेतलं आणि कारण काय द्यावं म्हणून अडले. शेवटी त्यांनी खरं तेच लिहिलं, की अर्जदाराने कागदाची पूजा केल्यामुळे तो खराब झाला. ते पत्र वरच्या कचेरीत कुणी वाचलं असेल आणि त्याचं काय तोंड झालं असेल, ते पाहायला मी पदरचं तिकीट काढून गेले असते.

मग पुन्हा वाट पाहणं. मी दर दोन-चार दिवसांनी साहेबांच्या कचेरीत जाऊन विचारायची. तिथला कारकून मला पाहिलं की लांबूनच मान हलवायचा. माझ्या जिवाला घोर लागला होता. घरी आई म्हणायची, तुझा काय रिफंड अडकलाय की काय. रुख्माबाई येऊन बसायच्या, पाणी प्यायच्या, काही विचारायच्याच नाहीत. त्यांचं न विचारणं मला जास्त जड जायचं. पौषातल्या थंडीत एका सकाळी कारकुनाने लांबून मान हलवली नाही, हात हलवला. व्हाउचर आलं होतं आणि या खेपेला खबरही खजिन्यात पोचली होती. साहेबांनी निरोप ठेवला होता की आधी पैसे, मग पूजा. मी लगेच अमडापूरला माणूस पाठवला.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. रुख्माबाई सकाळीच आल्या. आम्ही खजिन्यात गेलो. माळकरी कारकुनांनी कागद उलटसुलट पाहिला, कुठे कुंकू नाही याची खात्री केली आणि विचारलं, ओळख पटवायला कोण आलंय? हे राहिलंच होतं. खजिन्यातून मोठी रक्कम न्यायची तर खजिन्याला माहीत असलेल्या माणसाने समोर येऊन सांगावं लागे की ही व्यक्ती तीच आहे, आणि सही करावी लागे. एरवी हे काम वकीलसाहेब करत. ते नेमके अपिलासाठी नागपूरला गेलेले. माझी ओळख चालत नव्हती, मी पडले त्यांची टाइपिस्ट. मी म्हटलं, आता वकीलसाहेब आल्यावर, परवा. रुख्माबाई म्हणाल्या, परवा कशाला, खजिन्यात रोज कोणता व्यापारी येतो? कारकुनांनी चार नावं सांगितली. त्यात दामोदरशेठचं होतं.

"थांबा इथंच," असं मला सांगून रुख्माबाई निघाल्या. मी मागे धावले. मला वाटलं, ही बाई आता पेढीवर जाऊन भांडणार आणि होतं तेही घालवणार. पण त्या पेढीच्या पायरीशी उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "शेठजी, सरकार मालकाचे पैशे वापस देऊन राह्यलं. खजिन्यात तुमची एक सही लागते. येता काय?"

चार माणसांसमोर एक बाई पैसे मागत नव्हती, माल मागत नव्हती, एक सही मागत होती. याला नाही म्हणायचं तरी काय सांगून? शेठनी जोडे पायांत सरकवले आणि ते आमच्याबरोबर आले.

खजिन्यात कारकुनांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि नेहमीच्या रुक्ष आवाजात विचारलं की या बाईंना ओळखता का. शेठ हो म्हणाले. कसे ओळखता, ते सांगा, लिहावं लागतं, कारकून म्हणाले. शेठ घोटाळले. गेली दोन वर्षं आपण हिला दारात उभं केलं नाही, असं काही रजिस्टरात लिहिता येत नाही. त्यांनी एकदा रुख्माबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीकडे पाहत होत्या. मग शेठ घसा खाकरून म्हणाले, "अमडापूरले याईचं दुकान हाये. जुनं गिऱ्हाईक हाये माहं. माल माह्याच पेढीवरून जाते."

कारकुनांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि शेठनी खाली सही केली.

पैसे रुमालात बांधून रुख्माबाईंनी ओच्यात खोवले आणि आम्ही बाहेर आलो. खजिन्यासमोरच्या कडुनिंबाखाली एक बैलगाडी सोडलेली होती. धुऱ्याला गोणपाटं गुंडाळून बांधली होती आणि गाडी पूर्ण रिकामी होती. रुख्माबाई आदल्या रात्रीच अमडापूरहून निघून तिच्यातून आल्या होत्या. मला हे माहीत नव्हतं. एक कागद दाखवून पैसे घ्यायला कुणी रिकामी बैलगाडी घेऊन येतं का?

"शेठजी, तीय आन् गूय काढाले सांगा," त्या म्हणाल्या. "गाडी हे उभी."

शेठचा चेहरा खुलला. रोख गिऱ्हाईक कोणाला नको असतं? ते म्हणाले, हो हो, तीळ-गूळ आत्ताच काढायला सांगतो, आणि त्यांची नजर रुख्माबाईंच्या ओच्याकडे गेली. पैसे आत्ता देता की माल तोलल्यावर, असं त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं.

"पैशे नाई देत," रुख्माबाई म्हणाल्या. "खात्यावर लिहा. आज रोख देल्ले तं खातं कधी खुलन?"

आत रजिस्टरात त्यांची सही ओलीच होती आणि दारातून माळकरी कारकून मान बाहेर काढून ऐकत होते. मी पदर तोंडाशी धरला. मग शेठ मोठ्याने हसले, कपाळाला हात लावला आणि रस्त्यापलीकडे आपल्या पेढीवरच्या हमालाला हाक मारली, "काढ बे, अमडापूरचा माल काढ. खात्यावर!"